केळ्यांच्या खोलीतला कोबा

मोझेकची फरशी आमच्या आळीत पहिल्यांदा बसली ती आमच्या घरात, आणि ती मी निवडली होती. हिरवट पांढरी, आत काळे-तांबडे दगडाचे कण, मशीन लावून चार दिवस घासलेली. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की नंदाखालच्या बायका चपला पायरीवर काढून ती बघायला यायच्या, आणि मी पदर खोचून त्यांना खोल्या दाखवत फिरायचे. ही सिमेंटची जाळी, हा ग्रिटचा गिलावा, हा कडप्प्याचा ओटा. आठवलं की अजून कान तापतात. फरशीत वाईट काहीच नव्हतं. वाईट होतं ते मागच्या खोलीत, आणि ती खोली मी कुणाला दाखवत नसे.

लग्नाआधी मी मुंबईत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात टायपिस्ट होते. नकाशे काढणारे वेगळे, मी नुसतं टाइप करायचे. कुठल्या इमारतीला कुठला माल, सिमेंट-वाळू-खडीचं प्रमाण काय, स्लॅबवर किती दिवस पाणी मारायचं, अशी पानंच्या पानं. विटेवर वीट चढताना मी कधी जवळून पाहिली नव्हती. पण पाच वर्षं तेच तेच बडवल्यावर बांधकामातलं आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायला लागलं. माझे वडील वसईत शाळामास्तर होते, त्यामुळे आपल्याला कळतं असं वाटून घ्यायची सवय तशी माहेरचीच.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी लग्न होऊन नंदाखालला आले. घर कौलारू, भिंती मातीच्या, मागे केळी-नारळाची वाडी. घरात नवरा आणि सासूबाई, एवढेच. सासरे मी यायच्या आधीच वारले होते. सासूबाई बुटक्या, काटक, कमी बोलणाऱ्या. लाल लुगडं, डोक्यावर पदर, आणि हात सतत कामात. त्यांचे हात गावाला ठाऊक होते, कारण त्या हातांची सुकेळी.

राजेळी केळी सुकवून सुकेळी करतात. आमच्या बाजूला ती बरेच जण करत, पण कार्तिकात निर्मळची जत्रा भरली की लोक सासूबाईंची टोपली शोधत यायचे. देवळाच्या वाटेवर एका चिंचेखाली त्यांची जागा होती. ती जागा कुणी आखून दिलेली नव्हती, पण दुसरं कुणी तिथे बसत नसे. आम्ही ख्रिस्ती, जत्रा देवळाची, आणि अर्नाळ्यापासून सोपाऱ्यापर्यंतच्या बायका विचारत यायच्या, "नंदाखालच्या आई आल्या का?"

काम दिसायला सोपं. घड उतरवायचे, मागच्या खोलीत पेंढ्याखाली झाकून पिकवायचे. पिकली की सोलून, शिरा काढून, अंगणातल्या बांबूच्या माचावर उन्हात मांडायची. संध्याकाळी ऊन उतरलं की गोळा करून केळीच्या सुक्या पानांत गुंडाळायची आणि परत त्याच खोलीत ठेवायची. सकाळी पुन्हा ऊन. आठवडाभर असं केलं की केळं आक्रसतं, मधाच्या रंगावर येतं आणि आत मऊ राहतं. त्या खोलीच्या भिंती मातीच्या होत्या, जमीन शेणाने सारवलेली, वर कौलं, आणि खिडकी हातभर. दुपारी ती खोली तापत नसे आणि पहाटे गारठत नसे. पण खोलीचं नाव कुणी घेत नसे. सगळे म्हणत, म्हातारीचा हात चांगला आहे.

पहिल्या वर्षी मी मदतीला बसले. सोलायला त्या बांबूची एक चपटी काडी वापरायच्या, ती त्यांनी मला दिली नाही, म्हणून मी नखानेच सोललं. आळीतल्या चार बायका बसल्या होत्या. सासूबाईंनी माझं केळं उचललं, त्यावरचे नखाचे व्रण बघितले, ते बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "बाय, तू चहा ठेव." बस, एवढंच म्हणाल्या. बायका हसल्या. त्यात हसण्यासारखं फार नव्हतं आणि मनाला लावून घेण्यासारखंही नव्हतं, पण मी लावून घेतलं. मी तशीच आहे. मला कुणी टोचलेलं मी विसरत नाही, आणि स्वतः टोचलेलं लवकर विसरते.

तीन-चार वर्षांनी भिंतींना वाळवी लागली आणि घर नव्याने बांधायचं ठरलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. त्या कागदांमागे नवरा फिरला आणि माल निवडायचं त्याने माझ्यावर टाकलं. "तुला कळतं, तू ठरव," असं तो म्हणाला तेव्हा मला जे वाटलं ते लग्नात हार घालतानाही वाटलं नव्हतं. मी एका वहीत सगळं उतरवलं. पुढच्या दोन खोल्यांना मोझेक, स्वयंपाकघराला सिमेंटचा लाल कोबा, व्हरांड्याला जाळीचे ठोकळे, सगळ्या घरावर एकच सपाट स्लॅब. मला एक धड, आधुनिक घर हवं होतं. शेण नको, पोपडे नकोत, कौलांतून गळणं नको.

सासूबाईंनी वहीत डोकावूनही पाहिलं नाही. त्यांनी एकच गोष्ट मागितली. "पुढे तुला हवं ते कर. मागची केळ्यांची खोली तेवढी हाय तशी राहू दे."

मी म्हटलं, जमणार नाही. स्लॅब आणि कौलं जिथे मिळतील तिथे पाणी मुरेल. ते खोटं नव्हतं, पण त्याला उपाय होता, आणि तो गवंड्याने मला सांगितला. गवंडी आगाशीचा, वयस्कर माणूस. हातातली थापी खाली ठेवून म्हणाला, "वहिनी, आईंची खोली मी सुटी ठेवून देतो, मध्ये पन्हळ टाकतो. तिला कोबा आणि स्लॅब घातला तर ती खोली राहणार नाही, टाकी होईल."

"आमच्या ऑफिसात असं अर्धं घर कुणी बांधत नाही," मी म्हटलं. तो थापी उचलून कामाला लागला.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. पुढच्या दारातून सरळ बघितलं की बोळाच्या टोकाला त्या खोलीचं दार दिसायचं. पाहुण्याची नजर माझ्या मोझेकवरून निघून शेणाच्या सारवणावर थांबणार, हे मला सहन होईना. तेवढ्यासाठी मी ती खोली पाडली. सासूबाईंची समजूत घालताना म्हटलं, आई, तुम्हाला वर मोठी गच्ची मिळेल, तिथे कोंबड्या नाहीत, धूळ नाही, सुकेळी किती छान वाळतील. त्यांनी मान हलवली. विधवा बाईने सुनेच्या घरात मान किती वेळा आणि कशी हलवायची, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

चैत्रात स्लॅब टाकला. पावसाळ्यानंतर फादर आले, पवित्र पाणी शिंपडून घराला आशीर्वाद दिला. त्यांनीही फरशीचं कौतुक केलं. दिवाळीच्या आधी सासूबाईंनी घड उतरवले आणि नव्या खोलीत, गुळगुळीत कोब्यावर पेंढा अंथरून झाकून ठेवले.

चार दिवसांनी पेंढा काढला तेव्हा वरची केळी हिरवीच होती आणि खालची काळी पडून बुळबुळीत झालेली. पेंढा ओला. भिंतीला हात लावला तर हात ओला. सासूबाईंनी त्यातली बरी निवडून सोलली आणि गच्चीवर चटयांवर मांडली. दुपारी स्लॅब असा तापायचा की पाय ठेववत नसे. केळी वरून चामड्यासारखी कडक झाली, आत कच्ची राहिली, आणि संध्याकाळी गुंडाळून खोलीत ठेवली की सकाळी त्यांना आंबूस वास यायचा. पाचव्या दिवशी त्यांनी ती सगळी गोळा करून वाडीतल्या खड्ड्यात टाकली. दुसऱ्यांदा घड उतरवले. पुन्हा तेच.

त्या दिवशी दुपारी त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी भाजी चिरत होते.

"बाय," त्या म्हणाल्या, "तू त्या हापिसात होतीस. सिमेंटाचं तुला ठाऊक हाय. सिमेंटाचं काय लागतं का केळ्याला?"

मला ठाऊक होतं. अंदाजाने नाही, नीट ठाऊक होतं. एका गिऱ्हाइकाच्या धान्याच्या गोदामाबद्दल दोन लांबलचक पत्रं मी स्वतः टाइप केली होती. नवा स्लॅब, नवा कोबा, बंद खोली, छताला सुटलेला घाम, बुरशी धरलेली पोती. काँक्रीट ओल शोषत नाही, दिवसा तापतं आणि रात्री निवतं, अशा खोलीत नाशवंत माल ठेवू नये, हे वाक्य माझ्या बोटांनी उमटवलेलं होतं. त्यांनी विचारलं आणि ते वाक्य माझ्या डोळ्यांसमोर आलं. आणि त्याच्या मागोमाग गवंड्याचा चेहरा आला, आणि फरशी बघायला येणाऱ्या बायका.

"सिमेंट काय करणार, आई?" मी म्हटलं. "सिमेंट स्वच्छच असतं. वय झालं की हाताला घाम सुटतो. माझ्या आजीचं असंच झालं होतं. तिच्या हातचं लोणचंसुद्धा टिकेना."

माझ्या आजीच्या हाताला कधी घाम सुटला नव्हता. तिच्या लोणच्याच्या बरण्या ती गेल्यावरही वर्षभर पुरल्या.

सासूबाईंनी आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. "आसंल," म्हणाल्या आणि गेल्या. आणि मला काय वाटलं ते लिहिलं नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. वाचले म्हणून बरं वाटलंच, पण त्याखाली आणखी एक बारीक, घाणेरडा आनंद होता. चहा ठेव म्हणाली होती ना, आता बघ.

त्या वर्षी त्या जत्रेला गेल्या नाहीत. नवरा जाऊन आला आणि म्हणाला, चिंचेखालची जागा रिकामीच होती, बायका विचारत होत्या. आळीत कुणी विचारलं की सासूबाई स्वतःच सांगायच्या, "माझा हात गेला." कुणी मेल्याचं सांगावं इतक्या सरळ सांगायच्या. मग मला दिसायला लागलं की त्या हात पदराखाली धरून बसतात. नाताळात करंज्यांचं पीठ त्यांनी मळलं नाही, मला मळायला सांगितलं. लोणच्याच्या फोडींना हात लावला नाही. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. तिला घ्यायच्या आधी त्या दोन्ही हात पदराला पुसायच्या, पुन्हा पुसायच्या, आणि मग घ्यायच्या.

ते बघून तरी मी बोलायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज काहीतरी कारण सापडायचं. आज पाहुणे आहेत, आज त्यांचा उपास आहे, आज त्या बऱ्या मूडमध्ये आहेत तर कशाला. दर महिन्याला मी फादरांपुढे पापं कबूल करायला गुडघे टेकायचे. रागावले, खोटं बोलले, मिस्सा चुकवली, असं सगळं सांगायचे. 'खोटं बोलले' या दोन शब्दांत ही गोष्ट मी गुंडाळून टाकली होती. फादरांनी कधी विचारलं नाही, कुणाशी आणि काय.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी शेजारीण आली. ती सासूबाईंच्याच वयाची, बरोबरीने वाडीत राबलेली, आणि तिचं घर अजून मातीचं होतं. तिच्याकडे राजेळीचे घड फार लागले होते. "ये आणि सुकेळी करून दे," ती म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या हाताने तुझा माल फुकट नको जायला. माझी सून करील. मी बाजूला बसून सांगते."

आणि तसं झालं. शेजारणीच्या मागच्या खोलीत, सारवलेल्या जमिनीवर मी बसले, आणि सासूबाई पाटावर, हात पदराखाली. पेंढा किती, घड कसे आडवे ठेवायचे, कुठल्या दिवशी उघडायचं, हे सगळं त्यांनी तोंडाने सांगितलं. एकदासुद्धा हात बाहेर काढला नाही. सोलायच्या दिवशी त्यांनी ती बांबूची काडी आणून माझ्यापुढे ठेवली. वापरून वापरून ती गुळगुळीत झाली होती. "नख लावू नको," म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच थोडंसं हसल्या.

सुकेळी उत्तम झाली. होणारच होती. ती खोली जुन्या खोलीसारखीच होती, आणि सांगणारी तीच बाई होती. आठव्या दिवशी त्यांनी एक मोडून तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं, आणि शेजारणीसमोर मला म्हणाल्या, "तुझा हात चांगला हाय, बाय. माझ्यापेक्षा चांगला."

तेव्हा तरी. शेजारीण होती, सासूबाई होत्या, त्यांच्या तोंडात त्यांचीच सुकेळी होती. एक वाक्य पुरलं असतं. मी खाली मान घातली. त्यांना तो माझा विनय वाटला.

त्या कार्तिकात चिंचेखाली त्यांनी मला बसवलं. स्वतः मागे बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगत राहिल्या, सुनेच्या हातची आहेत, खाऊन बघा. बायका खायच्या, मान डोलवायच्या, म्हणायच्या, आईंचा हात सुनेला लागला हो. संध्याकाळपर्यंत टोपली संपली. घरी येताना सासूबाई माझ्यापुढे चालत होत्या. त्या खूश होत्या, आणि त्यांची ती पाठ मला बघवत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारणीच्या मुलानेही घर पाडून स्लॅबचं बांधायचं काढलं. आता अर्थात सगळे माझ्याकडेच येणार. शेजारीण आमच्या व्हरांड्यात येऊन बसली. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. धान्य निवडायला त्यांचा हात त्यांना चालत असे, कारण ते नंतर धुतलं जायचं. मी वही घेतली आणि नेहमीच्या तोऱ्यात सुरू झाले. मोझेक घ्या, पण पांढरी घेऊ नका, डाग दिसतात. जाळी पश्चिमेला नको, पाऊस आत येतो. गच्चीला उतार ठेवा.

"आणि केळ्यांची खोली?" शेजारणीने विचारलं. "तिला पण कोबा घालू ना? साफ पडंल."

"छे छे," मी म्हटलं, "तिला अजिबात सिमेंट लावू नका. मातीचीच ठेवा, वर कौलं ठेवा. सिमेंटला घाम येतो, केळी सडतात."

बोलून झाल्यावर मला ऐकू आलं, मी काय बोलले ते. वही तशीच हातात. सुपातल्या तांदळांचा आवाज थांबला होता. सासूबाईंनी वर पाहिलं नाही. सूप मांडीवरून खाली ठेवलं, दोन्ही तळवे मांडीवर उघडे टाकले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता विचारतील. विचारावं असं मनापासून वाटलं.

त्या शेजारणीकडे वळल्या. "तिचं ऐक तू," म्हणाल्या. "तिला ठाऊक हाय. पयल्यापासून ठाऊक हाय."

शेजारणीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने मान डोलवली आणि फरशीच्या रंगाचं विचारलं. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. ती गेल्यावर मी आत गेले. सासूबाई परातीत पीठ घेऊन मळत बसल्या होत्या. दोन-अडीच वर्षांनी त्यांच्या मुठी पिठात होत्या. मी "आई" म्हटलं. त्यांनी मळणं थांबवलं नाही. "भात लावलास?" एवढंच विचारलं. मी लावला नव्हता. मी तांदूळ धुवायला घेतले, आणि जे बोलायचं होतं ते तेव्हा राहिलं ते राहिलंच.

शेजारणीच्या नव्या घरामागे ती खोली मातीची राहिली, कौलं घालून, मध्ये पन्हळ टाकून, आगाशीच्या गवंड्याने सांगितली होती तशी. दिवाळीच्या आधी सासूबाईंनी माझ्या फळीवरून बांबूची काडी उचलली आणि तिकडे गेल्या. मला बोलावलं नाही. नको असंही म्हणाल्या नाहीत.

जत्रेला मी टोपली डोक्यावर घेऊन त्यांच्या मागे गेले. चिंचेखाली त्या पुढे बसल्या, मी मागे. गेल्या वर्षी आलेली एक बाई आली, तिने एक सुकेळं मोडून खाल्लं आणि माझ्याकडे बघून हसली.

"सुनेच्या हातची ना?" तिने विचारलं.

"नाय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हातची."

पुडी बांधून दिली आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले, पदराच्या बाहेर. दिवसभर त्यांनी एकदाही मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही.